कॅसेटच्या पाठीवरचा तुकडा

गिरगावातल्या चाळीतली आमची खोली रिकामी करून द्यायला पंधरा दिवस उरले होते. रिडेव्हलपमेंटच्या कागदांवर सह्या झाल्या होत्या, भाड्याची जागा गोरेगावला ठरली होती, पण माळ्यावरच्या सामानाला हात घालायची कुणाची छाती होत नव्हती. शेवटी एका रविवारी मीच स्टूल लावून वर चढले. काळी पडलेली समई, कान तुटलेली बरणी, बाबांच्या पगाराच्या चिठ्ठ्यांचं पुडकं, आणि सगळ्यात तळाला पत्र्याच्या ट्रंकेत, आजीच्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली एक कॅसेट. लेबलवर मामाचं तिरपं अक्षर : ‘आईच्या ओव्या’.

चाळीस वर्षांनी ती माझ्या हातात आली. ती अजून आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

गेली बारा वर्षं मी लोकांच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देते. कुणाच्या वडिलांचं कीर्तन असतं, कुणाच्या मुलीचे बोबडे बोल असतात, भजनी मंडळांच्या तर पिशव्याच्या पिशव्या येतात. त्यामुळे कॅसेट हातात आली की माझं बोट आधी तिच्या पाठीवर जातं. तसंच तेव्हाही गेलं. लेबल माझ्याकडे, टेप दिसते ती कड खाली. वरच्या कडेच्या दोन टोकांपैकी उजवीकडचा प्लास्टिकचा तुकडा तोडलेला होता. डावीकडचा शाबूत होता. आणि चाळीस वर्षं आमच्या घरात अडकून पडलेलं एक कोडं तिथल्या तिथे सुटलं. मी कोळिष्टकांत तशीच बसून राहिले. खालून आई विचारत होती, “अगं, काय सापडलं?” मला सांगता येईना.

मामा तेव्हा मस्कतला होता. मे महिन्यात तो राजापूरकडे गावी आला तो टेपरेकॉर्डर घेऊन. आडवा, चपटा, पुढे पियानोच्या पट्ट्यांसारखी बटणं, त्यातलं एक लाल. पहाटे आजी जात्यावर बसली तेव्हा मामाने तो ओटीवर ठेवला आणि पट्ट्या दाबल्या. आजीला आधी कळलंच नाही. जात्याची घरघर, मध्येच कोंबडा, मुठीने दाणे घालताना आजीचा आवाज किंचित थांबायचा आणि पुन्हा त्याच सुरावर यायचा. तीस मिनिटांची एक बाजू भरली. दुपारी पडवीत सगळ्यांनी ऐकली. आजीने फक्त एवढंच म्हटलं, “माझा आवाज इतका बारीक आहे होय?”

त्याच पावसाळ्यात आजी गेली.

मामा परत जाताना टेपरेकॉर्डर आमच्याकडे मुंबईला ठेवून गेला होता. चाळीतल्या कुणीतरी आईला सांगितलं, कॅसेटच्या मागचा तुकडा तोडून टाका, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. आईने केसातला आकडा काढला, तुकड्याखाली घातला आणि तो तोडला. मी तिथेच बसले होते, तो ‘टक’ असा आवाज मला अजून आठवतो. मग दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी आई भांडी घासायला नळावर गेली असताना, मी दहा वर्षांची मुलगी, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरत बसले. आत कोणती कॅसेट आहे हे मी पाहिलं नाही. बटण अडलं असतं तर मी पाहिलं असतं. बटण अडलं नाही.

आई मला ओरडली नाही. ती दारात उभी राहून एकच वाक्य दोनदा बोलली : “मी तुकडा तोडला होता.” मामाने पत्रात लिहिलं, मशीनमध्ये दोष असणार. आम्ही तेच धरून बसलो. त्या टेपरेकॉर्डरवर माझा इतका राग होता की पुढे तो भंगारात गेला तेव्हा मला बरं वाटलं.

मशीनमध्ये काहीही दोष नव्हता. कॅसेटला दोन बाजू, म्हणून पाठीवर दोन तुकडे. जी बाजू आपल्याकडे तोंड करून असते, तिचा तुकडा डावीकडचा. आईने कॅसेट बाहेर काढली तेव्हा ती उलटी हातात आली असणार, आणि आईने तिच्या डाव्या हाताचा तुकडा तोडला. म्हणजे दुसऱ्या बाजूचा. त्या बाजूवर काहीच भरलेलं नव्हतं. आजीची बाजू उघडी राहिली आणि कोरी बाजू कुलपात गेली.

त्या दिवसापासून मी हाच विचार करते आहे की ते कुलूप नक्की कुठे होतं. कॅसेटवर की टेपरेकॉर्डरमध्ये? प्रश्न चिमुकला वाटतो. पण लोकांच्या आठवणी हाताळणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि याचं उत्तर चुकलं की काय जातं ते मी पाहिलं आहे.

टेपरेकॉर्डरच्या कप्प्यात मागच्या भिंतीला एक बारीक दांडी असते, काडेपेटीतल्या काडीएवढी. कॅसेट बसली की तिच्या पाठीवरचा तुकडा दांडीला मागे रेटतो, आणि दांडी मागे गेली की रेकॉर्डचं बटण मोकळं होतं. तुकडा नसेल तर दांडी त्या खळग्यात शिरते, आणि तिचं दुसरं टोक बटणाला आडवं येतं. एवढंच. गंमत म्हणजे कप्पा रिकामा असतानाही ते बटण खाली जात नाही, कारण दांडीला रेटायला कुणी नसतं. बोटाने दांडी मागे ढकलून धरली की रिकाम्या मशीनचंही लाल बटण खटकन खाली बसतं. ही गोष्ट मी कित्येकांना करून दाखवली आहे, कारण तिच्यात सगळं येतं. कॅसेट स्वतः काहीही अडवत नाही. तिच्यातली टेप लाचार असते. इरेज हेडसमोरून सरकली की पुसली जाते, पुढच्या हेडसमोर आली की नवं लिहून घेते. अडवायची ताकद आहे ती मशीनच्या दांडीत. पण अडवायचं की नाही, हे दांडीला कॅसेटच सांगते.

म्हणजे सांगणं कॅसेटचं आणि ऐकणं मशीनचं. फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट आणली, आणि पुढे तिचं माप जगभर एकच राहिलं. म्हणून मस्कतच्या दुकानातल्या मशीनला जे कळतं तेच गिरगावातल्या मशीनला कळतं. आईने काही न शिकता, केसातल्या आकड्याने, जगातल्या प्रत्येक टेपरेकॉर्डरला एक निरोप लिहिला होता. फक्त पत्ता चुकला होता. टेपरेकॉर्डरने तो निरोप अक्षरशः पाळला, म्हणूनच तर आजी पुसली गेली. त्या मशीनला मी उगाच दोष दिला. तो शब्द मागे घेते आहे.

नव्वदच्या दशकात मी डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायच्या कामाला लागले. ठाकूरद्वारजवळ पोटमाळ्यावर दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि लग्नपत्रिकांचा ढीग. काम झालं की साडेतीन इंची फ्लॉपी पिशवीत टाकायची आणि छपाईसाठी लागणारं ब्रोमाइड नाहीतर पॉझिटिव्ह काढायला फोर्टात जायचं. १.४४ एमबीच्या त्या चौकोनात चार दिवसांचं काम असायचं. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : फ्लॉपी बाहेर जाताना कोपऱ्यातलं बटण सरकवून भोक उघडायचं, मगच द्यायची. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काय साथ पसरली असेल सांगता येत नाही. ६ मार्चला जागा होणारा मायकेलँजेलो व्हायरस तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता, आणि तो फ्लॉपीवरूनच पसरायचा. भोक उघडं असलेली फ्लॉपी तिथल्या मशीनने लिहायचा प्रयत्न केलाच तर पडद्यावर ‘राइट प्रोटेक्ट एरर’ यायचं आणि खाली अबॉर्ट, रिट्राय, फेल. तिथले ऑपरेटर वैतागायचे. मला मात्र ते पाहून बरं वाटायचं, कुणीतरी दारात आपल्या बाजूने उभं असल्यासारखं.

पण व्हायरस इतका चलाख, तो एका भोकाला का ऐकतो? हे मला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याने दाखवलं. आमचा ड्राइव्ह त्याच्याकडे होता. त्याने वरचा पत्रा काढून मला आत बघायला सांगितलं. पुढच्या बाजूला डाव्या-उजव्या हाताला इवलाले खटके होते. एक खटका फ्लॉपी जास्त क्षमतेची आहे का ते ओळखतो, दुसरा या भोकाचा. भोक उघडं असलं की खटका त्यात वर येतो. “आता नीट ऐका ताई,” तो म्हणाला, “ही खबर नुसती कॉम्प्युटरला जात नाही. लिहायच्या हेडचा करंट इथेच, ड्राइव्हमध्येच तुटतो. प्रोग्रॅमने किती का डोकं आपटेना.” त्याने पेनचं टोक त्या खटक्यावर दाबलं आणि सोडलं, दाबलं आणि सोडलं.

त्या दुपारी मला उत्तर मिळालं असं वाटलं. खूण वस्तूवर हवी, कारण वस्तू हिंडते आणि तिचा मालक तिच्यासोबत प्रत्येक ठिकाणी जाऊ शकत नाही. आणि ती खूण पाळायचं काम यंत्राच्या तारेत, पत्र्यात हवं, कुणाच्या मर्जीवर नको.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट आहे, ती मला उशिरा कळली. चाळीत आमच्या शेजारी एक काका राहायचे. एका मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात त्यांची नोकरी झाली, टेपची मोठाली रिळं चढवण्यात. त्या रिळाच्या पाठीमागे मध्यभागी एक खोबण असे आणि तिच्यात प्लास्टिकची कडी बसवावी लागे. कडी असेल तरच मशीन त्या टेपवर लिहायचं. ‘रिंग नाही तर लिखाण नाही’, हा त्यांच्या खात्याचा नियम. सुट्या कड्या खिळ्याला माळ करून लटकवलेल्या असत, आणि रीळ कपाटात परत जाताना कडी काढूनच जायचं. कपाटातली हजारो रिळं, एकाही रिळाला काही तोडावं, चिकटवावं लागलेलं नाही, आणि सगळी सुरक्षित. त्यांनीच सांगितलं की आठ इंची फ्लॉपीला खाच झाकली तर लिहिता यायचं, आणि सव्वापाच इंचीला बरोबर उलटं, खाच झाकली की लिखाण बंद. एकाच खात्यात दोन्ही आल्यावर माणसं गोंधळायची.

काकांच्या बोलण्यातून मला जे कळलं ते असं : वस्तू गप्प असेल तर यंत्राने काय समजायचं? मौन म्हणजे होकार की नकार? रिळाचं मशीन मौनाला नकार मानायचं. सांगितल्याशिवाय हात लावणार नाही. कॅसेटचं मशीनही तसंच, खळगा रिकामा तर बटण बंद. फक्त कॅसेट कारखान्यातून तुकड्यासकट, म्हणजे परवानगी तोंडात घेऊनच यायची, आणि ती परवानगी काढून घ्यायला आईसारख्या माणसाला आकडा शोधावा लागायचा.

मग एसडी कार्ड आलं. १९९९ मध्ये सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा या तिघांनी मिळून ते जाहीर केलं. ३२ बाय २४ मिलिमीटर, पोस्टाच्या तिकिटाएवढं, आणि डाव्या कडेला इवलीशी सरकपट्टी, वर बारीक अक्षरात ‘लॉक’. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला फ्लॉपीच भेटल्यासारखं वाटलं. मी डिजिटल रेकॉर्डर घेतला, त्यात हे कार्ड घातलं आणि परळ-लालबागच्या बायकांकडे जायला लागले. गिरणीच्या संपानंतर खानावळी चालवून ज्यांनी पोरं वाढवली त्या बायका. आता सत्तर-ऐंशीच्या घरात. दुपारी त्यांच्या खोलीत बसायचं, चहा व्हायचा, आणि मग एखादी डोळे मिटून गाणं उचलायची.

अशा सतरा ध्वनिफिती एका कार्डावर होत्या. घरचा कॉम्प्युटर बिघडला होता म्हणून मी एका दुकानात ते कार्ड सीडी काढायला दिलं. देण्याआधी पट्टी खाली सरकवली, दोनदा पाहिली. संध्याकाळी कार्ड परत आलं तेव्हा त्यावर काहीच नव्हतं. तिथल्या मुलाने कॉपी करायच्या ऐवजी कट करून पेस्ट केलं होतं, मध्येच त्यांचं मशीन बंद पडलं होतं. तेरा फिती वाचल्या, चार गेल्या. मी म्हटलं, अरे पण लॉक लावला होता. तो मुलगा खरंच चांगला होता, त्याचं तोंड उतरलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, आमच्या रीडरला लॉक कळत नाही.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. घरी येऊन मी शोधाशोध केली तेव्हा कळलं की त्या सरकपट्टीचा कार्डाच्या आतल्या कुठल्याही भागाशी संबंधच नसतो. ना तार, ना स्पर्श. ती फक्त प्लास्टिक आहे. रीडरच्या खाचेत एक स्प्रिंगचा पत्रा असतो, तो तिला चाचपतो, आणि मग लिहायचं की नाही ते समोरचं यंत्र ठरवतं. खाचेत तो पत्रा बसवलाच नसेल, किंवा असून प्रोग्रॅमने त्याची दखल घेतली नाही, तर पट्टी वर असो की खाली, कार्ड निमूट लिहून घेतं. वरून ती फ्लॉपीसारखी दिसते, पण फ्लॉपीच्या ड्राइव्हवर जे बंधन होतं ते इथे कुणावर नाही. कुंपणानेच शेत खायचं ठरवलं तर दाद मागायची कुणाकडे?

उलटही होतं. पट्टी झिजून सैल झाली की कॅमेऱ्यात घालताना आपोआप खाली सरकते आणि ऐन लग्नात फोटोग्राफरला ‘कार्ड लॉक आहे’ म्हणून मशीन अडवतं. मग ते बिचारे त्या खाचेवर चिकटपट्टी लावून काम निभावतात. मायक्रो एसडीला तर पट्टीच नाही, ती असते अडॅप्टरवर. म्हणजे कार्ड अडॅप्टरमधून काढलं की आपण सांगितलेलं सगळं अडॅप्टरपाशी राहून गेलं.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मला जास्त राग आला. कार्डाच्या आत खरंखुरं कुलूप आहे! आतल्या चिपमध्ये संरक्षणाचे दोन बिट असतात, एक लावता-काढता येणारा आणि एक कायमचा. कायमचा एकदा लावला की कार्ड स्वतःच लिहायला नकार देतं, रीडर कोणताही असो. पण आपल्या साध्या कॅमेऱ्यात, लॅपटॉपमध्ये ही सोय कुठे समोर येत नाही. बोटाला सापडते ती बिनजोडणीची पट्टी. ‘लॉक’ असं तिच्यावर छापायला नको होतं. माणूस त्या शब्दावर विसंबतो.

काही पेनड्राइव्हना बाजूला छोटा स्विच असतो, तो मात्र मला भरवशाचा वाटतो. तिथे वस्तू आणि यंत्र एकाच पोटात असतात, स्विच थेट आतल्या चिपला जोडलेला असतो, त्यामुळे सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात तिसऱ्याचं घर येत नाही. असे पेनड्राइव्ह दुकानात मागितले की हल्ली लोक माझ्याकडे बघत राहतात.

कार्डाच्या त्या प्रकारानंतर काही महिन्यांनी रायगडात एका ओळखीच्यांच्या गावी गेले होते. देवळाबाहेर गवतात एक उभा दगड होता, वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेली अक्षरं, खाली गाढव आणि बाईचं ते शिल्प. गधेगाळ. शिलाहारांच्या काळापासून ठाणे, मुंबई, रायगड या पट्ट्यात असे दगड मिळतात. राजाने जमीन दान दिली, ते चंद्र-सूर्य असेतो चालावं, आणि जो ते मोडेल त्याला ही शिवी. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. नऊशे-हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला होता. खूण वस्तूवरच कोरली, वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून चित्र काढलं. पण दगड स्वतः उठून कुणाचा हात धरणार नव्हता. त्याचा सगळा जोर समोरच्याच्या मनातल्या भीतीवर. ती भीती असेपर्यंत जमीन राहिली, आणि ती गेली तेव्हा दगड गवतात आडवा-उभा पडला.

वस्तूच पूर्ण कणखर असली तर? बोरिवलीच्या कान्हेरीत जा. लेण्यांमधले दानलेख कातळात आहेत, ते पुसून त्याच जागी दुसरं लिहिता येत नाही. पण भर घालता येते. तिथल्या एका गुहेत १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. ते लेख आज अभ्यासक आदराने वाचतात. आणि शेजारी किल्लीच्या टोकाने बदाम काढून गेलेलेही आहेत. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीचं असंच. लेझरने रंगाचा थर जळला की जळला, तो परत कोरा होत नाही. पण सीडी पुढच्या लिखाणासाठी बंद केली नसेल तर उरलेल्या जागेत कुणीही आणखी काही लिहू शकतं. मी अजूनही महत्त्वाच्या आवाजांची एक प्रत अशा सीडीवर ठेवते, आणि बंद करूनच ठेवते.

याच्या दुसऱ्या टोकाला माझा स्वतःचा डेक आहे. लोकांच्या कॅसेट मी ज्यावर वाजवते त्याचं रेकॉर्डचं बटण मी मेकॅनिककडून काढूनच टाकलं आहे. तो फक्त वाचतो. माझ्या टेबलावर कुणाची कुठलीही कॅसेट आली, मागचे तुकडे असोत-नसोत, तिला धोका नाही. पण हे संरक्षण माझ्या टेबलापुरतं. कॅसेट माझ्या दारातून बाहेर पडली की माझा डेक तिच्या काय कामाचा?

जिथे खरोखर जबाबदारी असते, तिथे तर दोघांवरही विश्वास टाकत नाहीत. कोर्टात जाणाऱ्या हार्ड डिस्कची तपासणी करताना डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक वेगळी पेटी लावतात. वाचायचा हुकूम ती पुढे जाऊ देते, लिहायचा हुकूम तिथेच अडवते. कारण नुसता बघायला म्हणून पेनड्राइव्ह लावला तरी कॉम्प्युटर त्यावर आपले दोन-चार छुपे फोल्डर टाकून मोकळा होतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तर त्या नोंदीची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्या सगळ्या मजकुरावरून काढलेला आकडा, लिहावी लागते; एक बिट जरी हलला तरी आकडा बदलतो आणि चोरी उघडी पडते. हे वाचल्यावर वाटलं, परळच्या त्या चार बायकांच्या गाण्यांसाठी इतकी काळजी कुणी का घेऊ नये? त्यातल्या दोघी आता नाहीत.

गोरेगावला सामान लागल्यावर मी आजीची कॅसेट डेकवर लावली. पहिली बावीस मिनिटं माझीच करणी, रेडिओची गाणी, मध्ये एकदा माझी खोकल्याची उबळ. मग खट्. एक क्षण शांतता, आणि अर्ध्या ओळीवरून आजी. जातं. घरघर. आठ मिनिटं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि उभीच राहिली.

मी ती आठ मिनिटं तीन ठिकाणी उतरवली. मग कॅसेट आईसमोर धरून तिला दाखवलं, डावा कुठला, उजवा कुठला, आणि चाळीस वर्षांपूर्वी काय झालं. तिने कॅसेट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. “म्हणजे मी तोडला होता,” ती म्हणाली. “होय,” मी म्हटलं, “तोडला होतास. मशीनने ऐकलंही होतं.” मी स्क्रूड्रायव्हर आणायला उठले तर तिने केसातला आकडा काढला. वय एक्क्याऐंशी, हात थरथरतो, तरी डावीकडचा तुकडा तिनेच तोडला.

शेजारच्या देसाईबाईंकडे जुना टू-इन-वन आहे, चालू. तो आणला. आजीची बाजू घालून लाल बटण दाबून पाहिलं. हललं नाही. आईने स्वतः दाबून पाहिलं. तिलाही हललं नाही.

मग कॅसेट उलटली. ही बाजू चाळीस वर्षं कोरी राहिली होती, आईच्या चुकीने राखलेली. तिच्या खळग्यावर मी चिकटपट्टी लावली. एक पदर पुरला नाही, दांडी पट्टीला आत दाबून घुसली. दुसरा पदर ताणून लावला. बटण खाली गेलं. फोनवरही रेकॉर्डिंग लावलं होतं, पण आई बघत होती ती फिरणाऱ्या चाकांकडे.

आजीच्या ओव्यांतल्या तिला पाचच आठवल्या. जातं नव्हतं, म्हणून तिने मांडीवर हात गोल फिरवत म्हटल्या. तिसरीला अडली, मागे गेली, पुन्हा धरली. पाचवी झाल्यावर थोडा वेळ हात फिरत राहिला. मग ती म्हणाली, “बंद कर.”

मी कॅसेट बाहेर काढली आणि पाठीवरची चिकटपट्टी नखाने सोडवून घेतली.